१८ तारखेची वाट पाहू नका

प्रश्न : आमचा कुलुपं, कडी-कोयंडे आणि बिजागऱ्यांचा छोटा कारखाना आहे. आजोबांनी १९८७ मध्ये सुरू केला. मालावर त्यांचंच नाव ठोकलेलं असतं. मध्ये दोन वर्षं काम बंद होतं. आता मी आणि चुलतभाऊ भागीदार आहोत. बांधकाम साहित्यातल्या एका मोठ्या कंपनीने तेच नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करून त्यांच्या शहरातल्या कमर्शियल कोर्टात आमच्यावर दावा लावला आहे. फेब्रुवारीत त्यांच्या वकिलाची नोटीस आली होती, आम्ही उत्तर दिलं नाही. १० जुलैला कारखान्यात समन्स आलं, पुतण्याने सही करून घेतलं. मी बाहेरगावी होतो, माझ्या हातात ते २६ जुलैला पडलं. कंपनीचे एक अधिकारी फोनवर म्हणतात, ‘आपसात मिटवू, कोर्टात काही देऊ नका.’ आमचे वकील म्हणतात, पुढची तारीख १८ नोव्हेंबर आहे, तेव्हा कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊ, उशीर झाला तर कॉस्ट (कोर्ट बसवील तो खर्च) भरू. नाव आमच्या आजोबांचं, आणि चोर आम्ही?

उत्तर : चोर कोण ते कोर्ट ठरवील. पण त्यासाठी तुमचं म्हणणं कोर्टापुढे असायला हवं, आणि तुम्ही ज्या चालीने चालला आहात त्याने ते कधीच पोचणार नाही. अशी पत्रं मला सतत येतात. माल वेगळा, कंपनी वेगळी, बाकी मजकूर तोच : नाव आमचं जुनं, नोटीस कपाटात, वकील म्हणतात बघू. आजोबा, त्यांची मेहनत, कंपनीची मुजोरी यांबद्दल तुम्ही तीन पानं लिहिली आहेत. समन्सच्या तारखेबद्दल दीड ओळ. तुमचा बचाव त्या दीड ओळीवर उभा आहे किंवा पडणार आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

कमर्शियल कोर्टात कैफियत द्यायची कमाल मुदत समन्स बजावल्यापासून १२० दिवस. १० जुलैपासून १२० दिवस मोजा. जुलैचे २१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ मिळून ११३ होतात. उरले सात. १२०वा दिवस ७ नोव्हेंबरला येतो. तुमच्या वकिलांची तारीख १८ नोव्हेंबर. म्हणजे ११ दिवसांनी तुम्ही हातात कैफियत घेऊन कोर्टात उभे राहाल आणि न्यायाधीश ती घेऊ शकणार नाहीत. घ्यायची इच्छा असली तरी.

हे तुमच्या वकिलांना माहीत नसावं असं मी म्हणत नाही. साध्या दिवाणी दाव्यात त्यांनी सांगितलं तसंच चालतं. तिथे ९० दिवसांची मुदत लिहिलेली असली तरी सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये ती बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचं म्हटलं, आणि तेव्हापासून ‘नो डब्ल्यूएस’, म्हणजे ‘कैफियत आली नाही’ अशी ऑर्डर व्हायची, अर्ज द्यायचा, कॉस्ट भरायची, ऑर्डर रद्द करून घ्यायची, असा रिवाजच पडून गेला. आमच्या वकिलीच्या व्यवसायातल्या निम्म्या लोकांच्या अंगात तो इतका भिनला आहे की कमर्शियल कोर्टाच्या पायऱ्या चढतानाही तो उतरत नाही. पण २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने या दाव्यांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ८ नियम १ बदलला. समन्स बजावल्यापासून ३० दिवस; त्यानंतर कोर्टाने कारणं लिहून, खर्च बसवून वाढवलेली मुदत; पण कशीही वाढवली तरी १२० दिवसांच्या पुढे नाही. त्यापुढे कैफियत देण्याचा हक्कच संपतो. २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध चामणकर इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे निःसंदिग्ध सांगून टाकलं. कॉस्ट भरून १२१वा दिवस विकत मिळत नाही. ट्रेडमार्कचा वाद हा कमर्शियल वाद आहे, आणि तुमच्या समन्सवर कोर्टाचं नाव ठळक छापलेलं आहे. ते वाचलं असतंत तर हे पत्र ऑगस्टमध्येच आलं असतं.

१८ नोव्हेंबर ही रोजनाम्यातली, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीतली, तारीख आहे. कोर्टाच्या बोर्डावर त्या दिवशी जागा होती म्हणून पडलेली. तिचा तुमच्या मुदतीशी काहीही संबंध नाही. तारीख पुढची पडली म्हणजे मुदतही पुढे गेली, या समजुतीने जितकी प्रकरणं बुडलेली मी पाहिली आहेत तितकी खोट्या साक्षीने बुडालेली पाहिली नाहीत. मधल्या सुट्ट्याही मोजायच्या. नेमक्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी दाखल करता येतं, पण त्या सवलतीच्या भरवशावर नियोजन करू नका.

आता तुम्ही म्हणाल, समन्स माझ्या हातात २६ जुलैला पडलं, तिथून मोजलं तर २३ नोव्हेंबर येतो. येतो. पुतण्याच्या सहीला बजावणी म्हणायचं की नाही, यावर वाद घालता येईल. तुमची भागीदारी संस्था आहे. संस्थेवरची बजावणी भागीदारावर किंवा धंद्याच्या मुख्य जागी कारभार बघणाऱ्या माणसावर होते. पुतण्या कारभार बघतो की सुट्टीत आला होता, समन्ससोबत दाव्याची प्रत होती की नुसता कागद, हे सगळं विचारण्यासारखं आहे, आणि एखाद्या कोर्टाने ते तुमच्या बाजूने धरलंही असतं. पण हा मुद्दा ज्याची वेळ उलटून गेली आहे त्याने मांडायचा असतो. तुमच्याकडे अजून दिवस आहेत. जो जिना धडधाकट आहे तो सोडून खिडकीतून उडी कशाला मारता? १० जुलै हीच तारीख धरा. बेलिफचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल कोर्टाच्या फाइलमधून काढून त्यावर तरी तीच तारीख आहे ना, हे मात्र आधी बघा. त्यावर ८ किंवा ९ तारीख निघाली तर मुदत आणखी आत येईल.

त्या अधिकाऱ्यांबद्दल. मिटवायला माझा विरोध नाही, अशा बऱ्याच भांडणांचा शेवट तडजोडीतच होतो. पण ‘कोर्टात काही देऊ नका’ हे वाक्य तुमच्या भल्याचं नाही. बोलणी चालू असताना घड्याळ थांबत नाही. त्यांच्या वकिलांना १२० दिवस पक्के माहीत आहेत आणि ७ नोव्हेंबरनंतर ‘मिटवू’चा भाव काय असेल तेही. कैफियत दाखल झाल्यावर त्यांना फोन करा, चर्चेला तेव्हा जास्त वजन येईल. त्यांचे काही मेसेज असतील तर जपून ठेवा. ३० दिवसांच्या पुढचा उशीर का झाला याचा अर्ज कैफियतीसोबत द्यावाच लागेल आणि त्यात हे कारण म्हणून लिहिता येईल. कोर्ट ते मान्य करीलच असं नाही. १२० दिवसांच्या आतली मुदतवाढही कोर्टाच्या मर्जीवर आहे, तुमचा हक्क नाही. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका.

दावा आमच्या गावात आणायचा अर्ज आधी द्यावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे कंपनीला स्वतःच्या ठिकाणी दावा लावता येतो. त्याला २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही लगाम घातला आहे, तो तुमच्या प्रकरणात लागू पडेल का हे पूर्ण दावा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. हरकत कैफियतीतच घ्या. वेगळा अर्ज देऊन त्याचा निकाल लागेपर्यंत कैफियत रोखून धरण्याची युक्ती वर सांगितलेल्या २०१९ च्या प्रकरणातच कोर्टाने मोडीत काढली आहे.

कैफियतीसोबतचे कागद ही दुसरी अडचण, आणि इथेही जुनी सवय आडवी येते. ‘बाकीची कागदपत्रं पुराव्याच्या वेळी देऊ’ हे इथे चालत नाही. तुमच्या ताब्यात असलेलं सगळं यादी करून कैफियतीसोबतच द्यायचं. नंतर आणलेला कागद कोर्टाची परवानगी आणि सबळ कारण असल्याशिवाय बघितला जात नाही. तुम्ही ज्या बिलांचे फोटो पाठवलेत ती चांगली आहेत, पण नीट बघा : त्यांच्या माथ्यावर संस्थेचं नाव आहे, खाली मालाच्या रकान्यात नुसतं ‘कुलूप ५० मिमी, २ डझन’. याने १९९१ मध्ये तुमची संस्था कुलुपं विकत होती एवढं दिसतं. त्या कुलुपांवर आजोबांचं नाव होतं हे त्या बिलात कुठेच नाही. ते दाखवणारा कागद शोधा. डब्यांवर नाव छापून देणाऱ्या छापखान्याचं बिल, जुनं दरपत्रक, एखाद्या विक्रेत्याची नाव घालून केलेली मागणी, वर्तमानपत्रातली जाहिरात. नाव ठोकायची पितळी डाय तुमच्याकडे अजून आहे असं लिहिलंय. ती कोणी बनवली, कधी, त्याची पावती रोजकीर्दीत सापडते का ते पाहा. तारीख असलेला एक साधा कागद दहा शपथपत्रांना भारी पडतो. कैफियतीत नुसतं ‘मजकूर खोटा आहे, नाकबूल’ लिहूनही भागत नाही, का नाकबूल ते सांगावं लागतं. सत्यतेचं शपथपत्र राहून गेलं की समोरची बाजू तेवढ्यावरच आठवडे खाईल.

आता मूळ वाद, जो तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याबद्दल मी सगळ्यात कमी ठामपणे बोलणार आहे. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तुमच्या कामाचं आहे. कंपनीने वापर सुरू केल्याची तारीख आणि तिच्या नोंदणीची तारीख यांतली जी आधीची, तिच्याही आधीपासून तुमचा सलग वापर असेल तर नोंदणीच्या जोरावर ती तुम्हाला रोखू शकत नाही. दाव्याची जी पानं तुम्ही पाठवलीत त्यांत कंपनी स्वतःचा वापर २००८ पासून सांगते, म्हणजे कागदावर तुम्ही बरेच पुढे आहात. आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ ठरू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सय्यद मोहिदीन प्रकरणात म्हटलं आहे. पण ‘सलग’ या शब्दावर ते तुमची ती बंद असलेली दोन वर्षं काढतील. काम बंद असताना शिल्लक माल विकला जात होता का? असेल तर त्याची बिलं शोधा. नसेल तर ते कोर्ट कसं घेईल, मी सांगू शकत नाही. आणि संरक्षण ज्या मालासाठी वापर होता त्यापुरतंच धरलं जाईल. अलीकडे तुम्ही त्याच नावाने दरवाज्याचे क्लोजर विकायला लागलात, ते यात बसतील असं गृहीत धरू नका.

कलम ३५ खाली आपल्या आधी तो धंदा चालवणाऱ्याचं नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा आहे, तोही मुद्दा घ्या. एकट्या त्याच्यावर विसंबू नका. कंपनीची नोंदणी रद्द करून घ्यायची असेल तर तो स्वतंत्र मार्ग आहे. पूर्वीचं बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून त्यासाठी हायकोर्टाकडे किंवा ट्रेडमार्क रजिस्ट्रारकडे जावं लागतं. पण दाव्यात तो मुद्दा कैफियतीतच उपस्थित करून ठेवावा लागतो, नाहीतर पुढे दार बंद होण्याचा धोका असतो. प्रतिदावा लावायचा की नाही ते तुमच्या वकिलांवर सोडतो, वेळ कमी आहे.

निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, काही एकतर्फी हुकूम झाला आहे का? ‘स्टे लागलाय की नाही कळत नाही’ असं तुम्ही लिहिता. कळायलाच हवं. हुकूम असेल आणि तुम्ही माल विकत राहिलात, तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. एकतर्फी मनाई झाली की तिच्याविरुद्धच्या अर्जाचा निकाल कायद्याने ३० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात किती लागतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही विचारा. तुमचा १२१वा दिवस माफ होत नाही आणि कोर्टाचं वर्ष सहज माफ होतं, याचा राग मलाही येतो, पण त्या रागाने मुदत वाढत नाही. फेब्रुवारीतल्या नोटिशीला उत्तर देऊन तिथल्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका’ असा अर्ज, टाकून ठेवलं असतंत, तर त्याच्या ९० दिवसांत तरी तुमच्या गैरहजेरीत असा हुकूम झाला नसता. ‘उत्तर दिलं की अडकतो’ हा सल्ला तुम्हाला मेव्हण्यांनी दिला. त्यांनी याआधी किती दावे लढवले आहेत?

तेव्हा या आठवड्यात वकिलांकडे जाऊन ७ नोव्हेंबर ही तारीख त्यांच्या डायरीत तुमच्यासमोर लिहून घ्या. ते अजूनही ‘कॉस्ट भरू’ म्हणाले तर वकील बदला, भिडेला बळी पडू नका. नवीन वकीलपत्र एका दिवसात होतं. चुलतभावाला बरोबर न्या, कारण भागीदार म्हणून शपथपत्रावर कोण सही करणार हे आधी ठरायला हवं आणि दुसऱ्याची संमती लेखी असलेली बरी. कैफियत ऑक्टोबर संपायच्या आत दाखल करा, समोरच्या वकिलाला प्रत दिल्याची पोच घ्या, आणि दाखल झाल्याची नोंद रोजनाम्यात आली का ते स्वतः जाऊन किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर बघा. नोंद दिसली नाही तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. कारकुनाचं ‘उद्या होईल’ ऐकून परत फिरू नका.