हलगीवर सिंथ चढवण्याआधी

लेका, ट्रॅक दोनदा ऐकला. चाल गोड आहे. पण पॉप, हाऊस, ट्रॅप, लावणी, सगळं एकाच ताटात वाढलंयस. सध्या दोनच घे: तुझी पॉप चाल आणि हलगी.

सोलापूरच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी लहानपणापासून ऐकतोयस, तरी सँपल नेटवरून उतरवलंस? अस्सल रेकॉर्ड कर. वाजवणारे आधी ती जाळावर शेकतात ना, तेव्हा कातडं ताणून सूर चढतो, गार झाली की उतरतो. म्हणून शेकल्या शेकल्या टेक घे आणि सिंथ (सिंथेसायझर) नंतर तिला जुळव. मी उलटं केलं होतं; अख्खी रात्र वाया. आणि मोबाइल अगदी जवळ धरू नकोस, आवाज फाटतो. सात-आठ फूट लांब ठेव.

क्वांटाइझ, म्हणजे सॉफ्टवेअरनं प्रत्येक ठोका तालाच्या ठरल्या रेघांवर (ग्रिडवर) ओढणं, शंभर टक्के अजिबात नको. ठोके ग्रिडला चिकटले की हलगीचा पत्र्याचा डबा होतो. किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) ग्रिडवर राहू दे, हलगीला थोडं मागंपुढं झुलू दे. तिच्यातलं १०० हर्ट्झखालचं काप, ती जागा किक-बेसची.

आपण काहीतरी नवं करतोय या भ्रमात मीही होतो. हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलंड कंपनीची ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३ (बेस सिंथ) यंत्रं घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. ते आधी ऐक.

यंत्रमागाचा खटखटाट घालायचाय म्हणतोस, ते मात्र झकास! शहराच्या पूर्व भागात जा, मालकाला विचार, चार सेकंदांचा लूप घे. हाय-हॅटच्या (झांजेच्या बारीक ठोक्यांच्या) जागी तोच वापर.