संवाद पाठ आहेत, पण नाटक उभं राहत नाही

प्रश्न : भाऊ, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात मी शिक्षिका आहे. मे महिन्यात शाळेतच 12 दिवसांचं नाट्यशिबिर घेतेय. 8 ते 13 वयाची 24 मुलं आहेत. संवाद पाठ झालेत, पण कविता म्हटल्यासारखे एका सुरात म्हणतात. त्यात मुख्य भूमिकेतला मुलगा आईबापासोबत तेंदूपत्ता (बिडीची पानं) तोडायला जातो, 3 दिवस आलाच नाही. भूमिका दुसऱ्याला देऊ का?

उत्तर : ताई, भूमिका काढून घेऊ नका. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, आणि पावसाळ्याआधी घरात येणारा रोख पैसा तोच. पहाटे जंगल, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेणाऱ्या केंद्रावर, मोजून देणं. मग तालीम फळीनंतर ठेवा, साडेसातला, शाळेच्या अंगणात. तसंही दुपारी टिनाखाली 45 अंशांत कोण्या लेकराचा आवाज निघेल?

मी ही चूक केली आहे. अशाच कारणानं एका मुलीची भूमिका मी दुसरीला दिली. प्रयोगाच्या रात्री ती पडद्यामागे येऊन बसली आणि सगळे संवाद, सगळ्यांचे, ओठातल्या ओठात म्हणत होती. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक मोठ्या भूमिकेला दोन मुलं ठेवतो. एक करतो तेव्हा दुसरा वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात प्रॉम्प्टर किती मोलाचा असतो हे मुलांना सांगावं लागत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटकं त्यांनी रात्र-रात्र जागून पाहिलेली असतात. प्रयोगही दोन करा, एक आपल्या गावात, एक शेजारच्या. दोघांनाही रंगमंच मिळेल.

आता त्या एकसुरीपणाचं. उद्या वह्या गोळा करून कपाटात ठेवा. लिहिलेलं वाक्य असेल, ‘तू इतका वेळ कुठे होतास?’ ते विसरा म्हणावं. मुलाला सांगा, लहान भाऊ सकाळपासून घरी नाही, माय रडून राहिली, आणि तो आत्ता दारात उभा आहे. बोल. तो म्हणेल, ‘कुठी गेल्ता बे?’ त्या ‘बे’मध्ये राग आहे, भीती आहे, जीव भांड्यात पडणंही आहे. तेच वाक्य ठेवा. संहिता तुमचीच आहे ना, खोडायला कोणाची परवानगी लागते?

आणि आपल्या झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला तर प्रसंगाच्या मधे टोकू नका, ताई. शिक्षकाची जीभ लगेच वळवळते, मला ठाऊक आहे. पण एकदा टोकलं की मूल समोरच्या भावाकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. झाडीपट्टीचे नट पद्मश्री परशुराम खुणे याच मातीत, याच बोलीच्या माणसांपुढे उभे राहिले.

तो मुलगा आला की 3 दिवसांबद्दल काही विचारू नका. जंगलात काय पाहिलं ते मात्र सगळ्यांसमोर सांगायला लावा.