गे असल्याचं लपवून राहिल्याने तब्येतीवर खरंच परिणाम होतो का? (गोव्यात राहतो)

हो, होतो, आणि नुसता मनावर नाही. कोण बघतंय, कोणाला संशय आला का हे डोक्यात सतत चालू असलं की झोप उडते, दारू-सिगरेट वाढते, माणूस मित्रांपासून तुटत जातो. इलान मायर या संशोधकाने 2003 मध्ये हे सविस्तर मांडलंय, मायनॉरिटी स्ट्रेस (अल्पसंख्य असल्याचा ताण) म्हणतात त्याला.

आपल्याकडे तर सगळे सगळ्यांना ओळखतात. फोंड्याचा माझा एक मित्र एचआयव्ही टेस्टसाठी मुद्दाम मडगावला गेला कारण घराजवळच्या लॅबमधला माणूस त्याच्या बाबांसोबत भजनाला बसतो, आणि तिथेही डॉक्टरांनी सहज "लग्न कधी करतोस?" विचारलं तर हा काही न सांगताच परत. उपचार लांबतात ते असे, फार वाईट वाटतं. चवथीला सगळे घरी जमले की त्याचं पोट बिघडतंच.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, पण घरातली भीती कोर्ट कशी काढणार? सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) टेस्ट फुकट होते आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रिझल्ट गुप्त ठेवावाच लागतो, तेव्हा बिनधास्त जा. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, रात्रीसुद्धा चालतो.