मंडळात केरळवर बोलणार असशील तर

पहिल्यांदाच बोलतोयस ना, मग आधी नकाशा समोर घे. पूर्वेला सह्याद्री, मध्ये टेकड्या, पश्चिमेला किनारा, असे तीन उभे पट्टे आखून घे. ४४ नद्यांपैकी ४१ पश्चिमेला वाहतात. कबिनी, भवानी आणि पांबार तेवढ्या पूर्वेला.

इतिहास वास्को द गामापासून, म्हणजे १४९८ पासून सुरू करू नकोस. मिरीचा रोमशी व्यापार त्याच्याही जवळजवळ दीड हजार वर्षं आधीचा. त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थानं, मलबार हा इंग्रजांच्या मद्रास प्रांतातला जिल्हा; तिन्ही वेगवेगळे ठेव. नवशिके हमखास इथेच घोळ घालतात. राज्य झालं १ नोव्हेंबर १९५६ ला, आपल्या मध्य प्रदेशाच्याच दिवशी. इंदूरचे श्रोते इथे नक्की कान टवकारतील.

खरा वेळ कुट्टनाडला, म्हणजे वेंबनाड तलावाकाठच्या सखल भागाला दे. समुद्रसपाटीच्या खाली भातशेती! बांध घालून आतलं पाणी पंपाने उपसतात, मग पेरणी. पावसाळा सरून नद्यांचं पाणी घटलं की समुद्राचं खारं पाणी वेंबनाड तलावात चढतं, म्हणून तण्णीरमुक्कमच्या बांधाचे दरवाजे बंद करतात. भात वाचतो, पण पाणी तुंबून जलपर्णी माजते, मासळीची वाट अडते. दोन्ही बाजू सांग. कथकलीला शेवटी पाच मिनिटं पुरे.