मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही

प्रश्न: डॉक्टर, माझे मिस्टर ६८ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेत. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे म्हणून तपासलं तर पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ८.४ निघालं, मग एमआरआय, मग बायोप्सी. १२ तुकड्यांपैकी २ मधे प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात त्याचा आकडा) ३+४=७ असं लिहिलंय, बाहेर पसरलेला नाही म्हणाले. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे रेडिएशन, तिसरे म्हणाले थोडं थांबलात तरी चालेल. मुलगा म्हणतो रोबोटिकच करू. भाऊजींना हाच आजार होता, त्यांची दोन्ही वृषणं काढली, ते म्हणतात तेच करा, स्वस्तात होतं. मिस्टरांना आम्ही फक्त गाठ आहे एवढंच सांगितलंय. (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी भाऊजींचं बाजूला ठेवू. वृषणं काढली की पुरुषी हार्मोन बंद होतं आणि त्यावर पोसलेला कॅन्सर दबतो, हे १९४१ पासून माहीत आहे, चार्ल्स हगिन्स यांना त्यासाठी १९६६ चं नोबेलही मिळालं. पण तो उपचार मुख्यतः हाडांत वगैरे पसरलेल्या आजाराचा, आता त्याऐवजी इंजेक्शनंही देतात. तुमच्या मिस्टरांचा आजार प्रोस्टेट ग्रंथीतच आहे. आजाराचं नाव एक असलं तरी गाव वेगळं, त्यामुळे भाऊजींचं औषध इकडे लावू नका.

आता तिघं डॉक्टर तीन गोष्टी बोलले म्हणजे दोघं चुकतायत असं नाही हो. ब्रिटनमधे १६४३ पुरुषांवर नुसतं लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन अशी तुलना झाली, २०२३ मधे १५ वर्षांचे निकाल आले, तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण शंभरात तीनच. मात्र नुसतं लक्ष ठेवलेल्यांत आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, तेव्हा थांबायचं तर झोपायचं नाही, दर सहा महिन्यांनी पीएसए, मधून एमआरआय, लागली तर परत बायोप्सी. आणि ग्लीसनमधला तो ४ चा, म्हणजे जास्त बिघडलेल्या पेशींचा भाग किती टक्के आहे ते रिपोर्टमधे बघा, ५-१० टक्के असेल तर थांबायचा विचार होऊ शकतो, जास्त असेल तर मी उपचाराकडे झुकेन.

ऑपरेशन करून ग्रंथी काढली तर आठवडा-दोन आठवडे लघवीची नळी, ती काढल्यावर खोकलं, उठलं की लघवी गळते, काही महिने पॅड लावावं लागतं, बहुतेकांचं हळूहळू थांबतं, सगळ्यांचं पूर्ण नाही. लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळतो ना, त्यांचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करायचा. रोबोटने रक्त कमी जातं, घरी लवकर येतात, पण ऑस्ट्रेलियात रोबोटिक आणि नेहमीच्या पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची तुलना केली तर दोन वर्षांनी लघवी आणि संबंध या बाबतीत फारसा फरक नव्हता. सर्जनचा हात किती बसलाय ते विचारा, मशीनसाठी कर्ज काढू नका. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

रेडिएशन म्हणजे बऱ्याच ठिकाणी २० वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे चार आठवडे, रोज पोट साफ आणि लघवीची पिशवी भरलेली हवी म्हणून लोक बाहेर बाटली घेऊन पाणी पीत बसलेले असतात आणि नंबर लांबला की जीव कासावीस होतो. गळती कमी, पण शौचाला घाई, कधी रक्त, हा त्रास होऊ शकतो. सोबत काही महिने हार्मोनचं इंजेक्शनही सांगतील कदाचित. नंतर पीएसए वाढलं तर रेडिएशननंतर ऑपरेशन अवघड जातं, ऑपरेशननंतर रेडिएशन देता येतं, हेही डोक्यात असू द्या. शरीरसंबंधाची ताकद दोन्हीत कमी होते, ऑपरेशनमधे लगेच, रेडिएशनमधे सावकाश.

बाकी रात्री उठणं हे बहुतेक वयाने ग्रंथी फुगल्यामुळे असतं, कॅन्सरमुळे नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या विचारा.

पण ताई, पॅड चालेल का, रोज सांगली-मिरज करायचं का, गाठ अंगात ठेवून झोप लागेल का, याचं उत्तर तुम्ही किंवा मुलगा कसं देणार? ज्यांनी आयुष्यभर भरल्या गाडीत सुट्ट्या पैशांचा हिशोब ठेवला त्यांना ३+४ समजेल हो. घाई काही नाही, दोन-चार आठवड्यांनी बिघडत नाही. आज संध्याकाळी चहा झाल्यावर कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत फाइल घेऊन त्यांनाच बसू द्या, तुम्ही शेजारी बसा.