कंट्रोलचे तांदूळ, रेशनचे गहू

तुमचे पणजोबा मुंबईत बंबवाले, म्हणजे आग विझवणारे, होते, आणि पणजीच्या हिशेबाच्या वहीत ‘कंट्रोलचे तांदूळ’, ‘रेशनचे गहू’ असं दोन्ही सापडतं. घराण्याचा इतिहास लिहिताना दोन्हींना ‘शिधा’ म्हणू का, आणि बंबवाल्याचा ‘अग्निशामक’ करू का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत: दोन्ही करू नका.

‘कंट्रोल’ मुळात भावाचा शब्द. १९३९ला महायुद्ध सुरू होताच सरकारने जिनसांचे भाव बांधायला घेतले. ‘रेशन’ मापाचा: माणशी किती मिळणार. जपानने १९४२मध्ये ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, आणि १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. पुढे बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले, तरी कापडाला लोक ‘कंट्रोलचं कापड’ म्हणत, कारण १९४३मध्ये त्याच्याही किमतीवर नियंत्रण आलं होतं. विदर्भात आजही रेशनच्या दुकानाला सर्रास ‘कंट्रोल’ म्हणतात. ‘शिधा’ म्हणजे कोरडं धान्य, पण त्यात कुणीतरी आपल्याला मानाने दिल्याचा भाव आहे; ब्राह्मणाला शिधा देतात, पाहुण्याला देतात. रांगेत पैसे मोजून घेतलेल्या तांदळाला तो शब्द सरकारी कागदावर चिकटला, पणजीच्या तोंडी नव्हे.

‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, अर्थ पंप. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि आगीचा बंब यांचं नाव एकच. उलट ‘अग्निशामक’ म्हटलं की आज भिंतीवर टांगलेलं लाल नळकांडं डोळ्यांपुढे येतं. त्यात माणूस दिसत नाही. ‘बंबवाला’मध्ये दिसतो.

आणि तो दिसायलाच हवा. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी शेजारी भरलेला. दुपारी चारनंतर स्फोट झाला तेव्हा बंबवाले पाण्याचा मारा करतच होते. अग्निशमन दलातले ६६ जण गेले. अग्निशमन सेवा सप्ताह देशभर याच तारखेला सुरू होतो.

त्या आगीत गोदीतलं धान्यही जळालं. म्हणून वहीतली एप्रिल-मे १९४४ची पानं आधी काढा, तांदळाचं माप आणि भाव पाहा, आणि पणजीने जो शब्द लिहिलाय तोच, तिच्याच शुद्धलेखनात, उतरवून घ्या.