शिवारफेरीतला 'आपला' माणूस
भावा, पहिलीच द्राक्षबाग धरलीयस म्हणून सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव-पलूसकडं शिवारफेऱ्या सुरू होतात. तिथं चहा पिता पिता एखादा सहज म्हणतो, "मी ते टॉनिक दोनदा मारलं, मणी बघा कसा फुगलाय." तो शेतकरी असतोही; पण बाटलीमागं त्याला काय सुटतं, ते सांगत नाही. मीही फसलोय. दोन एकरांवर मारलं, मणी होता तसाच. पुढं तोच गडी दुसऱ्या गावात, त्याच शब्दांत, त्याच बाटलीचं कौतुक करताना दिसला!

अशाला विचार: जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवायचं संजीवक) कितव्या दिवशी, किती पीपीएम? घडातल्या मण्यांची विरळणी किती केली? फुगवण बरीचशी त्यावरच असते. न मारलेली ओळ दाखवा म्हण. खरा बागायतदार स्वतःच्या चुकाही सांगतो.

असली टॉनिकं, म्हणजे जैवउत्तेजकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलीत, तेव्हा लेबल नीट वाच. जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत शिफारस करणाऱ्यानं कंपनीशी असलेला संबंध उघड करावा असंही आहे, पण बांधावर कोण विचारतंय? आधी चारच ओळींवर मारून बघ. आणि पक्कं बिल घे, उधारीच्या चिठ्ठीवर भागवू नकोस.